डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क लावायचंय? मग क्रम चुकवू नका आणि घाई करू नका

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतले छोटे कारखाने घ्या, दांडिया बाजारातले सीए घ्या नाहीतर आपली मराठी मंडळं घ्या, बऱ्याच जणांकडे आता स्वतःचं डोमेन आहे आणि त्यावर मेल पण चालू आहे. पण त्या डोमेनच्या नावाने दुसरा कुणीही मेल पाठवू शकतो हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. त्यासाठी पासवर्ड चोरावा लागत नाही, अकाउंट हॅक करावं लागत नाही, फ्रॉमच्या जागी तुमचा पत्ता टाकला की झालं, आणि मग तुमच्या पार्टीला मेल जातो की आमचं बँक अकाउंट बदललंय, या महिन्याचं पेमेंट खालच्या नंबरवर करा. तो मेल तुमच्या सर्व्हरवरून गेलेलाच नसतो त्यामुळे तुमच्या सेंटमध्ये काही दिसत नाही, कळतं ते पार्टीचा फोन येतो तेव्हा.

यावर तीन उपाय आहेत, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. तिन्हींना पैसे लागत नाहीत, तिन्ही डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती सगळ्यांना दाखवणाऱ्या नोंदवहीत, रेकॉर्ड टाकून होतात, आणि दहा मिनिटांत सेटअप करून देतो असं सांगणारे पण पुष्कळ भेटतात. मला ते दहा मिनिटांचं अजिबात पटत नाही. ही स्टँडर्ड्स तयार व्हायला दहा-दहा वर्षं लागली, आणि ती बनवायला बसलेली माणसं काही आळशी नव्हती, प्रत्येक टप्प्यावर असा कुठला तरी खरा, चांगला मेल सापडायचा की जो नव्या नियमाने बंद पडेल. तुमच्या डोमेनवर पण नेमकं तेच होणार आहे. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर तिथे तेव्हा काय अडलं होतं ते पण सांगते, ते कळलं की आपण कुठे थांबायचं ते समजतं.

मुळात गोष्ट अशी की मेल ज्या एसएमटीपीवर, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीवर, चालतो त्याचा आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचं नंबर दिलेलं डॉक्युमेंट) जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या युनिव्हर्सिट्या आणि लॅब, सगळे ओळखीतले, त्यामुळे पाठवणारा सांगेल ते नाव मानायचं, तपासायची सोयच नाही. आणि अजून एक, मेलला दोन पत्ते असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या कागदावर लिहिलेला. पाकिटावरचा पत्ता सर्व्हर बघतो, बाउन्स, म्हणजे न पोचलेला मेल, तिकडे जातो, हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या तांत्रिक ओळींमध्ये, तो पत्ता रिटर्न पाथ म्हणून दिसतो. कागदावरचा म्हणजे फ्रॉम, जो आपल्याला स्क्रीनवर दिसतो. दोन्ही वेगळे असले तरी चालतात, आणि बऱ्याचदा त्याला योग्य कारण पण असतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचा अर्धा गोंधळ याच्यावरच आहे.

आधी यादी, रेकॉर्ड नंतर

डीएनएस पॅनल उघडायच्या आधी एक वही घ्या आणि तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं ते लिहा. पहिलं उत्तर सोपं असतं, गूगल वर्कस्पेस किंवा झोहो. मग थांबून आठवा. वेबसाइटवरचा कॉन्टॅक्ट फॉर्म होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल टाकतो. अकाउंट्सवाले टॅलीतून थेट बिल मेल करतात, त्यात कुठला एसएमटीपी भरलाय ते बघा. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन स्कॅन करून मेल करतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर अलर्ट पाठवतो. पगाराच्या स्लिपा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून जातात, आणि जूनमध्ये फॉर्म १६ तिसऱ्याच ठिकाणाहून. मंडळ असेल तर कार्यक्रमाची आमंत्रणं कुणीतरी न्यूजलेटरच्या सर्व्हिसवरून पाठवत असतं आणि गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या वेगळ्याच ऍपमधून. ही यादी ऑफिसातल्या सगळ्यांना विचारून करा, एकट्या आयटीवाल्याला हे सगळं माहीत नसतं, खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माहिती अकाउंट्सच्या टेबलावर मिळते.

एसपीएफ

एसपीएफ म्हणजे डीएनएसमध्ये एका ओळीत जाहीर करायचं की आमच्या डोमेनचा मेल फक्त या या सर्व्हरवरून येतो. कल्पना २००३ च्या सुमाराला आकाराला आली, त्याआधीचे आरएमएक्स आणि डीएमपी असे प्रस्ताव होते, त्यातलं चांगलं घेऊन मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ बांधलं. त्याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं कॉलर आयडी होतं. २००४ मध्ये इंटरनेटची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या आयईटीएफने दोन्ही एकत्र करायला मारिड नावाचा वर्किंग ग्रुप काढला, त्यातून सेंडर आयडी पुढे आलं, आणि तिथे मायक्रोसॉफ्टच्या पेटंटच्या लायसन्सवरून गाडी अडली. अपाचे आणि डेबियन या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्या दोघांनी सांगितलं की या अटींवर आम्ही हे वापरू शकत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रुप बंद झाला. मग २००६ मध्ये एसपीएफ आणि सेंडर आयडी दोन्ही प्रयोग म्हणून छापले गेले, आरएफसी ४४०८ वगैरे, लोक काय वापरतात ते बघायचं ठरलं, २०१२ मध्ये त्या प्रयोगाचा निकाल लिहिला गेला की लोकांनी एसपीएफ घेतलंय, आणि २०१४ मध्ये आरएफसी ७२०८ येऊन एसपीएफ स्टँडर्डच्या वाटेला लागलं. अकरा वर्षं झाली ना. पण त्या वर्षांमध्ये एक गोष्ट लख्ख दिसली, एसपीएफ फक्त पाकिटावरचा पत्ता तपासतं, माणसाला दिसणारा फ्रॉम नाही, आणि मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ मोडतं, कारण आता मेल फॉरवर्ड करणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतो आणि तो तुमच्या यादीत नसतो.

आता करायचं काय. डोमेनच्या मुळाशी एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराचं, रेकॉर्ड. रेकॉर्ड टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरात आणि तुमच्या मेल सर्व्हिसने दिलंय तसंच्या तसं, मी इथे फक्त उच्चार लिहितेय. सुरुवातीला व्ही=एसपीएफ१, मध्ये वहीतले सगळे सर्व्हर, बहुतेकांसाठी इन्क्लूड (म्हणजे त्या सर्व्हिसची यादी आपल्या यादीत जोडणं) आणि स्वतःचा ठराविक आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा नंबर, असेल तर आयपी४, आणि शेवटी ऑल, म्हणजे बाकीचे सगळे. रेकॉर्ड एकच पाहिजे. होस्टिंगवाल्याने स्वतःचं एक आधीच टाकलेलं असतं, त्याच्या खाली आपण गूगलचं दुसरं टाकतो, आणि दोन झाले की तपासणारा सर्व्हर एरर देऊन दोन्ही सोडून देतो. आहे त्यातच भर घालायची. दुसरी मर्यादा दहा लुकअपची, म्हणजे तपासताना डीएनएसला विचारायच्या प्रश्नांची, आहे, इन्क्लूडच्या आतले इन्क्लूड पण मोजले जातात, त्यामुळे सहा-सात सर्व्हिसेस जोडल्या की दहा कधी ओलांडले ते कळत पण नाही. आयपी४ लिहिलेले यात मोजत नाहीत. जुनी बंद केलेली सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तशीच ठेवू नका.

ऑलच्या आधी टिल्ड (~) लावा, मायनस (-) नको, निदान आत्ता तरी नको. मायनस बघून काही सर्व्हर डीकिम तपासायच्या आधीच मेल नाकारतात, मग तुमचा फॉरवर्ड झालेला खरा मेल पण जातो. आणि प्लस (+) तर कधीच नाही, त्याचा अर्थ जगातल्या कुणीही पाठवा.

डीकिम

मला विचाराल तर तिन्हींमधलं सगळ्यात भक्कम काम डीकिमचं आहे. याहूमध्ये मार्क डिलेनी यांचं डोमेनकीज होतं, सिस्कोचं आयडेंटिफाइड इंटरनेट मेल होतं, दोघांनी भांडत न बसता दोन्ही एकत्र केली, २००७ मध्ये आरएफसी ४८७१ आलं, २०११ मध्ये सुधारून आरएफसी ६३७६. यात मेल निघतानाच सर्व्हर त्यावर डिजिटल सही करतो, गुप्त की (म्हणजे किल्ली) सर्व्हरकडे राहते आणि पब्लिक की डीएनएसमध्ये सगळ्यांना दिसते. मेल फॉरवर्ड झाला तरी सही टिकते. मोडते कधी तर वाटेत कुणी सब्जेक्ट किंवा मजकूर बदलला की, म्हणजे मेल ग्रुपने सब्जेक्टमध्ये चौकटी कंसात नाव घातलं किंवा खाली फुटर जोडला की.

गूगल वर्कस्पेस असेल तर ऍडमिनमध्ये जाऊन २०४८ बिटची की बनवा, ती डीएनएसमध्ये टाका, थोडं थांबा, आणि परत येऊन ऑथेंटिकेशन सुरू करायचं बटण दाबा. हे शेवटचं बटण लोक हमखास विसरतात. तुम्ही काहीच केलं नाही तरी गूगल सही करतं, पण स्वतःच्या एका डोमेनने, तुमच्या नाही, त्यामुळे हेडरमध्ये डीकिम पास दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो, ती सही पुढे डीमार्कला कामाची नसते. तर पास दिसलं एवढ्यावर थांबू नका, सहीत डी= च्या पुढे डोमेन कुणाचं आहे ते वाचा.

पॅनलमध्ये दोन ठिकाणी अडतं. एक, रेकॉर्डच्या नावात सिलेक्टर (कुठली की ते ओळखायचं नाव), मग अंडरस्कोर डोमेनकी, एवढंच लिहायचं, बरेच पॅनल पुढे तुमचं डोमेन आपोआप जोडतात, तुम्ही पण लिहिलं तर डोमेन दोनदा होतं आणि की कुणालाच सापडत नाही. दोन, टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, २०४८ ची की त्याहून लांब असते, चांगलं पॅनल ती तुकड्यात स्वतः विभागतं, साधं पॅनल शेपटी कापून टाकतं. टाकल्यावर रेकॉर्ड बाहेरून परत वाचून शेवटपर्यंत जुळतंय का बघा. १०२४ चालते म्हणून ती घेऊ नका. २०१२ मध्ये एका गणितज्ञाने गूगलची ५१२ बिटची की फोडून दाखवली होती, आणि २०१८ च्या आरएफसी ८३०१ पासून १०२४ पेक्षा लहान की बादच आहे आणि सल्ला २०४८ चाच आहे.

वहीतल्या प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळा सिलेक्टर द्या. न्यूजलेटरवाल्याची की वेगळी, गूगलची वेगळी. उद्या एकाशी संबंध संपला की त्याचा रेकॉर्ड काढायचा, बाकीच्यांना धक्का नाही. झेरॉक्स मशीन आणि डीव्हीआर स्वतः सही करू शकत नाहीत, त्यांना तुमच्या मुख्य मेल सर्व्हिसच्या एसएमटीपीतून पाठवायला लावा, सही तिकडे होते. वेबसाइटच्या फॉर्मलाही तेच.

झालं की जीमेलवर स्वतःला प्रत्येक ठिकाणाहून एक मेल पाठवा, शो ओरिजिनल उघडा, एसपीएफ आणि डीकिम दोन्ही पास पाहिजेत आणि दोन्हीत तुमचंच डोमेन.

डीमार्क, आणि इथे खरा वेळ द्यायचा

एसपीएफ आणि डीकिम दोन्ही नापास झाले तर काय करायचं हे कुणी सांगायचं? २००९ मध्ये एडीएसपी नावाचं एक आरएफसी आलं होतं, त्यात डोमेनवाला म्हणू शकत होता की माझी सही नसलेला मेल टाकून द्या. ते चाललं नाही, २०१३ मध्ये इतिहासजमा केलं. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव ही की डोमेनवाल्याला परत काहीच कळत नव्हतं, नियम लावल्यावर आपला कुठला खरा मेल मेला ते समजायला मार्गच नाही, मग कोण हिंमत करणार. तिकडे पेपॅलने याहू आणि जीमेलशी थेट बोलून खोटे पेपॅल मेल अडवून दाखवले होते, तो अनुभव घेऊन गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल वगैरेंनी मिळून जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर केलं. त्यात दोन गोष्टी नव्या. एक, एसपीएफ किंवा डीकिममधलं निदान एक तरी दिसणाऱ्या फ्रॉमच्या डोमेनशी जुळलंच पाहिजे. दुसरी, रिपोर्ट. मेल घेणारे रोज तुम्हाला कळवतात की तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल आले आणि त्यांचं काय झालं. हा रिपोर्ट म्हणजे डीमार्कचा जीव आहे, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

सुरुवात पी=नन ने, म्हणजे नापास मेलला काही करू नका, फक्त रिपोर्ट द्या. अंडरस्कोर डीमार्क या नावाने टीएक्सटी रेकॉर्ड, त्यात व्ही=डीमार्क१, पी=नन आणि आरयूए मध्ये रिपोर्टसाठीचा पत्ता. त्यासाठी वेगळा मेलबॉक्स बनवा, मालकाच्या इनबॉक्समध्ये हे पाठवू नका, तो चार दिवसांत वैतागून बंद करायला सांगेल. पत्ता दुसऱ्या डोमेनवरचा देणार असाल तर त्या डोमेनला पण आपल्या डीएनएसमध्ये परवानगीचा रेकॉर्ड टाकावा लागतो, नाहीतर रिपोर्ट येणारच नाहीत. रिपोर्ट झिप केलेली एक्सएमएल फाइल असते, डोळ्याने वाचवत नाही, पार्सडीमार्क नावाचं ओपन सोर्स टूल आहे ते लावा किंवा एखादी फुकट सर्व्हिस घ्या. मेलचा मजकूर त्यात नसतो, काळजी नको.

वाचताना मी असं वाचते. एसपीएफ नापास पण डीकिम पास आणि जुळलेलं, हा बहुतेक फॉरवर्ड, काही करायचं नाही. दोन्ही नापास आणि आयपी तुमच्या होस्टिंगचा, तर वेबसाइटवरचं काहीतरी वहीत राहून गेलं. दोन्ही नापास आणि आयपी एखाद्या ओळखीच्या सॉफ्टवेअर कंपनीचा, तर कुठल्या तरी डिपार्टमेंटने न विचारता सर्व्हिस घेतलीय, शोधा, रागावू नका, सही लावून द्या. दोन्ही नापास, आयपी भलत्याच देशातला, मेल ढिगाने, तर तेच ते खोटे मेल, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय.

किती दिवस थांबायचं हे सगळे विचारतात. दिवस मोजू नका, फेऱ्या मोजा. महिनाअखेरची बिलं जाऊ द्यात, पगाराची फेरी, जीएसटीची फेरी, दिवाळीच्या शुभेच्छा, मंडळाच्या वार्षिक सभेची नोटीस. काही पाठवणारे वर्षातून एकदाच जागे होतात. त्या मेलसाठी निदान आधी विचारून ठेवा की तो कुठून जातो, आणि तिथून एक टेस्ट मेल काढून घ्या.

मग पी=क्वारंटाइन, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये. हा टप्पा चांगला आहे कारण चूक असली तर मेल सापडतो, गडप होत नाही. २०१५ च्या आरएफसी ७४८९ मध्ये पीसीटी म्हणून एक सोय होती, नियम शंभरातल्या इतक्याच मेलला लावा, पण घेणारे सर्व्हर ते आपापल्या पद्धतीने करतात म्हणून डीमार्कच्या नव्या आवृत्तीच्या कामात ते काढून टाकलंय, त्यावर विसंबू नका. आणि ते ७४८९ पण स्टँडर्ड नव्हतं बरं का, नुसतं माहितीपर डॉक्युमेंट म्हणून छापलेलं, आणि त्याचं खरं स्टँडर्ड करण्याचं काम पुढे दहा वर्षं चालू राहिलं.

त्या दहा वर्षांचं मुख्य कारण एप्रिल २०१४ मध्ये आहे. याहूने स्वतःच्या ग्राहकांच्या डोमेनला पी=रिजेक्ट, म्हणजे नापास मेल घेऊच नका, असं लावलं, मागोमाग एओएलने पण. याहूवाल्या माणसाने कुठल्याही मेलिंग लिस्टवर, म्हणजे एक पत्र सगळ्या सभासदांना जातं अशा मेल ग्रुपवर, पत्र टाकलं की लिस्ट त्यात फुटर जोडणार, सही मोडणार, एसपीएफ तर आधीच मोडलेलं, मग जीमेल, हॉटमेलवाले सगळे सभासद तो मेल बाउन्स करणार, आणि इतके बाउन्स आले म्हणून लिस्ट त्या बिचाऱ्या सभासदांचीच नावं काढून टाकणार. ज्यांचा याहूशी काही संबंध नाही ते बाहेर! त्यानंतर लिस्टवाल्यांनी फ्रॉम बदलायला सुरुवात केली. गूगल ग्रुपवर मंडळाचे मेल येतात तेव्हा नावापुढे व्हाया आणि ग्रुपचं नाव दिसतं ना, ते यातून आलंय. वाटेतल्या सर्व्हरने आधीचा निकाल पुढे कळवावा म्हणून एआरसी २०१९ मध्ये आलं, आरएफसी ८६१७, पण प्रयोग म्हणूनच.

म्हणून रिजेक्टला जायच्या आधी स्वतःला विचारा, या डोमेनवर माणसं ग्रुपवर, लिस्टवर पत्रं लिहितात का? कारखान्याचं डोमेन असेल, फक्त बिलं आणि ऑर्डरी, तर रिजेक्ट लावा, पेमेंटचे खोटे मेल अडवायला तेच लागतं. मंडळाचं किंवा प्राध्यापक लोकांचं डोमेन असेल, चार ग्रुपवर लिहिणारी माणसं, तर क्वारंटाइनवर थांबलात तरी त्यात कमीपणा नाही. आणि दोन्ही असेल तर बिलं, पावत्या आणि न्यूजलेटर वेगळ्या सबडोमेनवर न्या, तिथे रिजेक्ट लावा. जे डोमेन घेऊन नुसतं पडलंय, मेल जातच नाही, त्याला मात्र आजच्या आज एसपीएफमध्ये मायनस ऑल आणि डीमार्क रिजेक्ट, तिथे थांबायचं काहीच कारण नाही.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही पाहिजेत, निदान पी=नन तरी, आणि लहान पाठवणाऱ्याला पण एसपीएफ किंवा डीकिममधलं एक लागतंच. वीस वर्षं जे समजावून झालं नाही ते या एका नियमाने झालं असं मला वाटतं, कारण त्याच्यानंतर लोक स्वतःहून विचारायला लागले.

एक मर्यादा सांगून ठेवते. डीमार्क तुमचं स्वतःचं डोमेन वाचवतं, त्याच्यासारखं दिसणारं नाही. एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन कुणी विकत घेतलं आणि त्याला तिन्ही रेकॉर्ड नीट लावले तर त्याचा मेल सगळीकडे पास होणार. बँकांसाठी आरबीआयने बँक डॉट इन हे वेगळं डोमेन आणलंय ते यासाठीच, पण आपल्यासारख्यांना ती सोय नाही, तेव्हा पार्टीला आधीपासून सांगून ठेवा की अकाउंट नंबर बदलला तर आम्ही फोन करू, आणि तुम्ही पण आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

रिजेक्ट लागल्यावरही रिपोर्टचा मेलबॉक्स चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडा. नवीन सॉफ्टवेअर घ्यायच्या वेळी, पैसे भरायच्या आधी, विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा, आमच्या डोमेनच्या डीकिमने सही करून मेल पाठवता का? हो म्हणाला तर सिलेक्टर मागून घ्या, वहीत लिहा, मग रेकॉर्ड टाका. तुमच्या एसपीएफमध्ये आमचं इन्क्लूड टाका की झालं असं म्हणाला तर पाकिटावरचा पत्ता कुणाच्या डोमेनचा असणार ते विचारा, त्याच्या स्वतःच्या डोमेनचा असेल तर तुमचं इन्क्लूड काही कामाचं नाही, आणि ती बिलं पहिल्याच दिवशी रिजेक्ट होतील.